दाढदुखीची रजा

वसई कोर्टाच्या जिन्यात यतीन सर समोर आले आणि मी पटकन गालावर हात ठेवला. दाढ काढायची म्हणून त्या दिवशी रजा घेतली होती. चार महिन्यांतली ती माझी तिसरी दाढ.

"डॉक्टर इथे बसतात वाटतं?" त्यांनी विचारलं.

मला हसू यायला हवं होतं... आलं रडू. सातिवलीतल्या आमच्या स्टीलच्या डब्यांच्या कारखान्यात ते मॅनेजर, मी डिस्पॅचला. ते गाळ्याच्या कागदांसाठी आले होते, मी घटस्फोटाच्या तारखेला. त्यांनी पुढे काहीच विचारलं नाही. दोन चहा आणले आणि माझं रडणं संपेपर्यंत समोरच्या भिंतीकडे बघत बसले.

खोटं बोलायला कारण होतं. आमच्या रजेच्या अर्जात 'कारण' असा रकाना असायचा आणि अर्ज गेटजवळच्या बोर्डावर लागायचे. तिथे 'घटस्फोट' लिहिलं असतं, तर जेवणाच्या सुट्टीत माझा संसार सगळ्यांच्या डब्यात वाढला गेला असता.

पुढच्या सोमवारी बोर्ड रिकामा झाला. "यापुढे कुणीच कारण लिहायचं नाही. अर्ज माझ्या ड्रॉवरमध्ये राहतील," सरांनी सगळ्यांना सांगितलं. मला एकटीला सवलत दिली असती तर कुजबूज झाली असती, हे त्यांनी आधीच ओळखलं होतं. माझ्या तारखेच्या दिवशी टेम्पो भरून घ्यायला ते स्वतः उभे राहायचे.

"दाढ कशी आहे?" दर तारखेनंतर ते विचारायचे.

"हलतेय."

"दुखते?"

"...एकटी असले की."

त्यावर ते माझ्याकडे बघायचे — क्षणभरच — आणि चलनावर सही करायचे. त्या क्षणाची मी वाट बघायला लागले आणि माझी मलाच भीती वाटली. एक संसार मोडायचा बाकी, आणि मी कुणाचा तरी निळा शर्ट लक्षात ठेवत होते!

जुलैत त्यांनी विचारणं बंद केलं. रजा मंजूर व्हायची, बोलणं नाही. वाटलं, कंटाळले असतील. तुळिंजच्या भाड्याच्या खोलीत भिंतीवर ओल चढत होती. तिच्याकडे बघत मी त्यांना मनातून काढायला बसायचे. जमायचं नाही.

ऑगस्टमध्ये निकाल लागला. सात वर्षं संपली. दुसऱ्या दिवशी कामावर गेले, तर सर टेबल आवरत होते.

"भिवंडीच्या गोदामात बदली मागून घेतलीय. उद्यापासून तुमच्या रजा नेत्रा मॅडम बघतील. तुमचं काम, तुमची वेळ, काही बदलणार नाही. तसं लेखी देऊन ठेवलंय."

"पण का?"

त्यांनी रजेचा एक जुना अर्ज पुढे केला. सगळा कोरा, फक्त 'कारण' भरलेलं. ज्यांनी तो रकाना बंद केला, त्यांचंच अक्षर.

'हेमांगींच्या रजेवर सही करताना त्या परत कधी येतील, एवढंच मनात असतं. अशा माणसानं ती सही करू नये.'

"आज द्यायला नको होतं," ते खाली बघत म्हणाले. "पण उद्या मी इथे नसेन. आणि... सही माझ्या हातात असताना हे बोललो असतो, तर केलेल्या मदतीची परतफेड मागितल्यासारखं झालं असतं."

हो म्हणावंसं फार वाटलं. पण गळ्यावरची मंगळसूत्राची फिकी खूण अजून गेली नव्हती. मला अजून धड झोपही लागत नव्हती.

मी त्यांच्या हातातलं पेन घेतलं. मंजूर, नामंजूर — दोन्ही चौकोन सोडले. खाली लिहिलं, 'पुढची तारीख — दिवाळीनंतर.'

त्यांनी वाचलं. "आणि तेव्हाही पुढचीच तारीख पडली तर?"

"तर... नाही येणार?"

"येईन."

अर्जाची घडी खिशात ठेवून ते पावसात बाहेर पडले. मी चलनं पुढे ओढली, पण अक्षरं दिसेनात. पॅकिंगच्या बायजामावशी पाण्याचा पेला घेऊन आल्या.

"बाय, पानी पी. रडते कशाला?"

मी गालावर हात ठेवला.

"दाढ, मावशी," मी म्हटलं. "आज खरंच दुखतेय."