‘पुट ऑफ’ म्हणजे पुढे ढकलणे

साकोलीच्या एसटी स्टँडवर हस्ताची सर तिरपी होऊन बाकांपर्यंत येत होती. एकोडीची बस लागायला वेळ होता. रुखमिणी पाय वर घेऊन बसली होती आणि मांडीवरच्या गाईडातून मोठ्यानं पाठ करत होती. मॅट्रिकला ती फक्त इंग्रजीत नापास झाली होती. ऑक्टोबरची परीक्षा आता पंधरा दिवसांवर आली होती.

“पुट ऑन म्हणजे घालणे... पुट ऑफ म्हणजे काढणे...”

“काढणे नाही,” मागून कुणीतरी म्हणालं. “पुट ऑफ म्हणजे पुढे ढकलणे. पोस्टपोन. डिले.”

तिनं वळून पाहिलं. एक उंच, सावळा तरुण छत्री मिटत होता. चष्म्यावर पावसाचे थेंब होते, म्हणून तो डोळे बारीक करून बघत होता.

“गाईडात तं काढणेच लिवलं आहे जी.”

“मग गाईडवालाच नापास झाला असेल.”

“नापास तं मी झाली आहे,” रुखमिणी म्हणाली. तो एवढा ओशाळला की तिलाच हसू आलं. “पन ढकलायचं तं पुढेच काहून? मांगं नाई ढकलत का?”

“मागे मी उभा आहे ना,” तो म्हणाला. “माझ्या अंगावर पडेल.”

त्याचं नाव टेकचंद. दिघोरीचा. बी.ए. होऊन साकोलीत एका टिनाच्या खोलीत इंग्रजीची शिकवणी घेत होता. दुसऱ्या दिवसापासून रुखमिणी तिथं जाऊ लागली. इंग्रजीत ती पास झाली, आणि अकरावीला साकोलीतच नाव घातलं. शिकवणी संपली, तरी बसच्या आधीचा अर्धा तास त्या दोघांचा झाला.

तळ्यातले उकडलेले शिंगाडे तो कागदात बांधून आणायचा. सोलायचा तो, खायची ती. बोटं काळी झाली की तो तिच्याच वहीच्या मागच्या पानाला पुसायचा.

“दुसऱ्याची वही खराब करता... काही वाटते का?”

“दुसऱ्याची कुठं? आपलीच आहे.”

‘आपली’ या शब्दानं ती त्या दिवशी बसमध्ये एकोडीपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली. समोर नुसतं धान होतं, हिरवंगार, तरी तिला ते नवीन दिसलं.

अडचण म्हणाल तर कुठलीच नव्हती. जात एक होती, दोन्हीकडे धानाची शेती होती. एकदा तीच म्हणाली, “बाबाले सांगू का मी?”

“नको नको,” टेकचंद घाईनं म्हणाला. “तू काही बोलू नको. मी स्वतः येतो, मोठ्या माणसाला घेऊन. असं पोरीच्या तोंडून बरं दिसत नाही. दिवाळी होऊ दे.”

दिवाळी झाली. मग धानाची मळणी व्हायची होती. मळणी झाली, तर त्याच्या बहिणीचं लग्न आलं. ते उरकलं, आणि त्याला कारध्याला मास्तरची नोकरी लागली. तो म्हणाला, नोकरी पक्की होऊ दे, कच्च्या नोकरीवर कुठल्या तोंडानं मागू? ते बोलणं खोटं वाटावं असं कधीच नसायचं. डोळ्यांत पाणी आणून बोलायचा तो... आणि रुखमिणीला त्याचीच कीव यायची.

घरी मात्र तिचे वडील, केवळराम, पाहुणे आणत होते. सोनपूरचा धनीराम नावाचा मुलगा चांगला होता, निर्व्यसनी. ती म्हणाली, “परीक्षा होऊ द्या.” पुढच्या वर्षी तीच माणसं पुन्हा आली.

“बाई, दुसऱ्यांदा कोनी दारात येत नाई,” तिची आई गोदावरीबाई हात जोडून म्हणाली. “तुह्या मनात काय आहे, सांग तं.”

रुखमिणीनं मान खाली घातली.

मग सोनपूरच्यांनी धाकट्या उषाला मागणी घातली. सत्त्याहत्तरचा तो पाऊस आणि ऐंशीचा वैशाख, मधे अडीच वर्षं गेली होती. उषाला हळद लावायला रुखमिणी बसली, तेव्हा मांडवातली एक बाई दुसरीला म्हणाली, “मोठीत काही खोट असन.” तिनं ऐकलं, आणि हळद लावत राहिली.

लग्नानंतर आठव्या दिवशी तिनं कारध्याची बस धरली.

टेकचंद शाळेच्या सुट्टीतही तिथंच खोली करून राहत होता. तिला दारात बघून तो आधी हसला, मग गल्लीत कोण आहे ते पाहिलं. दोघं नदीकडे उतरली. वैनगंगा उन्हाळ्यानं आटून एका काठाला गेली होती, आणि वाळूत कलिंगडाच्या वाड्या लागल्या होत्या.

“उषाचं लगन झालं,” ती म्हणाली.

“हो... कळलं मला. यायचं होतं, पण—”

“नोकरी पक्की झाली ना?”

“झाली. आता एवढा पावसाळा जाऊ दे, रुखमिणी. घराचं काम काढलं आहे बाबांनी. घर झालं की कोणाला बोलावताही येईल...”

ती त्याच्याकडे बघत राहिली. तोच चष्मा, तोच आर्जवी आवाज. आपण याच्यावर संतापावं असं तिला फार वाटलं, पण संताप येईना.

“तुमी शिकवलं त्याहून एक अर्थ जास्त आहे ‘पुट ऑफ’चा,” ती म्हणाली. “कॉलेजातल्या मोठ्या डिक्शनरीत पाहिला. मन विटणे.”

“म्हणजे? मी कधी नाही म्हटलं का तुला?”

“नाई म्हटलं असतं, तं बरं झालं असतं जी. मी चार दिवस रडली असती. तुमी ना हो म्हटलं, ना नाई.”

“थांब ना... असं तोडून नको बोलू. आपण दिवाळीला—”

“आता येऊ नका,” ती म्हणाली. “कधीच.”

तो वाळूत उभा राहिला. मागून हाक येईल म्हणून ती चढावर एकदा थांबली. हाक आली नाही. तिला विचार करायला वेळ द्यावा, असंही कदाचित त्याला वाटलं असेल.

संध्याकाळी केवळराम अंगणात बैलांना पेंढी टाकत होते. रुखमिणी त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिली आणि तिनं सगळं सांगितलं, अगदी पहिल्यापासून. तिचं झाल्यावर त्यांनी फक्त विचारलं,

“दिघोरीचा म्हणते? नत्थूचा पोरगा का?”

“हो.”

“नत्थू नं मी एका शाळेत होतो, बाई.” ते खाली ओट्यावर बसले. “तू नुसतं नाव घेतलं असतं, तं मीच गेलो असतो. एका दिवसाचं काम होतं.”

बोलू नको म्हणणारा टेकचंद होता, पण गप्प तर रुखमिणी स्वतः बसली होती, अडीच वर्षं.

केवळराम उठले, धोतर झटकलं. “अजून काही बिघडलं नाई. सकाळी जातो मी दिघोरीले. जाऊ?”

तिनं त्यांच्या हातातली उरलेली पेंढी घेतली.

“नका जाऊ, बाबा,” ती म्हणाली. “तुमी आनला तं तो येईन, आपल्या मनानं नाई. त्याचंच तं आता भेव वाटते मले.”