नव्या चुकांच्या शोधात

कुपवाडच्या कारखान्यात त्या दिवशी पेढ्यांवर पेढे वाटले जात होते. वर्षभरात एकही चूक नाही! कारखान्याच्या प्रमुख रेवती मगदूम यांना तर काय करू नि काय नको असं झालं होतं. इथे कृत्रिम हृदयझडपा बनत. जोडणीवर सहाशे बायका, सगळ्या पंचक्रोशीतल्या, आणि प्रत्येकीच्या हातात परदेशी कंपनीने दिलेले बोधमोजे. बोट चुकलं की मोजा ती चूक टिपून घ्यायचा आणि पुढच्या वेळी सगळ्याजणींची बोटं तिथे सावरायचा. सहा वर्षांत उत्पादकता चौपट झाली होती.

तेवढ्यात कंपनीचे संशोधक डॉ. विश्राम लोटलीकर आत आले. पेढा नुसताच हातात धरून म्हणाले, "मॅडम, कारखाना बंद होतोय."

रेवतीबाई पुढे झाल्या. "अहो, चौपट माल देतोय आम्ही!"

"झडपा काय, कंपनी कुठेही बनवेल. ती इथे चुकांसाठी आली होती."

"थट्टा करताय का माझी?"

"नाही हो. मोजे शिकतात ते माणसाच्या चुकांमधून. कंपनीच्या देशात गेली वीस वर्षं घराघरात हे मोजे आहेत. तिथे कुणी चुकतच नाही, म्हणून नवं काही सुचतही नाही. प्रगती ठप्प! त्यांना ताज्या चुका हव्या होत्या, म्हणून तुमच्याकडे पैसा ओतला. आता तुमच्याही संपल्या."

"मग आम्ही मुद्दाम चुकतो!"

"मुद्दाम केलेल्या चुकीतून काय शिकणार?"

रेवतीबाई संतापल्या. "खुशाल जाऊ देत त्यांना! मोजेही घेऊन जा म्हणावं. कसब आमच्या बायकांच्या हातात आहे. आम्ही आमचा कारखाना काढू, याहून सरस झडप बनवू."

लोटलीकरांनी खिशातून एक डबी काढली. तान्ह्या बाळांसाठीच्या नव्या झडपेचे सुटे भाग होते त्यात. सगळ्यांत तरबेज म्हणजे शकीला मुजावर. डबी त्यांनी तिच्यासमोर ठेवली. "शकीलाताई, मोजे काढून ही जोडता का?"

शकीलाने मोजे उतरवले, हात पुढे केला आणि तो तिथेच अडला.

"अगं, लाव की! चुकलं तर चुकलं!" रेवतीबाई म्हणाल्या.

"कळतंय हो मॅडम," शकीला रडकुंडीला आली. "पण मोज्यानं सांगितल्याबिगर बोटच हलंना."

रेवतीबाई गर्रकन बाकीच्यांकडे वळल्या. "कुणीतरी या गं पुढे! चुका, मोडा, काय वाटेल ते करा!"

सहाशे जणी आपापले हात बघत उभ्या राहिल्या.