गुलाबी बर्फातल्या चार पाट्या

रेइनो कांगास दारात आला तेव्हा त्याच्या मिशांवर बर्फ होता आणि तोंडचं पाणी पळालेलं होतं.

“व्हिएनोबाई, शनिवारी दुपारी बारा वाजता आर्विड फाटकाला कुलूप घालणार. आपली वाट संपली!”

“बूट झटक, मग बोल.”

व्हिएनो लाहतीने तीस वर्षं विमा कंपनीसाठी खोटे दावे हुडकले होते. आता ती खासगी तपास करायची, तोही शक्यतो किटलीतली कॉफी गार व्हायच्या आत.

रेइनो गावच्या स्नोमोबाइल क्लबचा, म्हणजे बर्फावरून पळणाऱ्या मोटारगाड्यांच्या मंडळाचा, अध्यक्ष. क्लब म्हणजे चाळीस हौशी माणसं: सुतार, नर्सबाई, टपालवाला. थंडीआधी ती वाटेवरच्या फांद्या तोडतात, पाट्या रोवतात, आणि मग हिवाळाभर यंत्राने बर्फ दाबून वाट गुळगुळीत ठेवतात. वाट मात्र दुसऱ्यांच्या जमिनीतून जाते, तीही मालक हो म्हणेल तोवरच. आर्विड माकेलाच्या शेताच्या एका अंगाला दलदल, दुसऱ्या अंगाला घळ. त्याने नाही म्हटलं की गाव आणि तळं यांची ताटातूट. रेइनोने बावीस हिवाळे या वाटेला दिले होते, आणि त्याला खरोखर रडू येत होतं.

“रात्रीतून जंगलाकडच्या आपल्या चार पाट्या कुणीतरी काढून आर्विडच्या घराजवळ लावल्या. स्वार पाट्या बघत निघाले, ते थेट त्याच्या स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांवरून! बर्फ दाबला गेला की खालची रोपं गारठून मरतात. तो म्हणतो, करणारा माणूस समोर आणा, नाहीतर वाट विसरा.”

शेतावर पोचल्यावर व्हिएनो आधी जंगलाकडे गेली. पाट्या निघालेल्या जागी भोकं अख्खी होती, कडांना फिकट गुलाबी बर्फ. नव्या जागी, जुन्या गाडीरस्त्याच्या कडेला, चारही पाट्या घट्ट उभ्या. त्यांच्या बुडाशीही तसाच गुलाबी बर्फ.

“रक्त!” रेइनो दचकला.

“वेडाच आहेस. हे बघ.”

पाट्यांजवळून दोन बारीक समांतर रेघा गेल्या होत्या. रेघांच्या मधोमध बुटाचे ठसे, सगळे उजव्या पायाचे.

“स्कीवाल्याचं काम! आणि तो लंगडा आहे.”

“काठ्यांची भोकं कुठे दिसतात का?”

“नाही.” रेइनोने कान खाजवला.

स्कीवाली म्हणजे लेम्पी निएमी, शाळेतली बाई. तिने स्नोमोबाइलच्या आवाजाविरुद्ध वर्तमानपत्रात दोनदा पत्र छापून आणलं होतं. “मला तुमच्या मशीनचा वैताग येतो, हो,” ती फणकारली. “मग मी ती घरांजवळ कशाला आणीन? जंगलातच बरी आहेत. आणि काठ्यांशिवाय मी अंगणातही उतरत नाही.”

मग खानावळवाला काउको. त्याची खानावळ जुन्या गाडीरस्त्याला लागून; वाट आर्विडच्या घराकडून वळली की त्याचं गिऱ्हाईक वाढणार होतं. “फायदा माझाच, नाही कशाला म्हणू?” तो हसला. “पण गोठलेल्या जमिनीत पाटी बसवायला ड्रिल लागतं. क्लबचं ड्रिल माझ्याकडे होतं खरं, पण महिनाभर त्याची बॅटरी मेलीय. रेइनोलाच विचारा, दुरुस्तीला कधी नेतोय!”

रेइनो लाजला.

शेवटी आर्विडच्या घरी. पडवीत खुर्चीची घसरगाडी होती, खाली बर्फावर घसरणाऱ्या दोन लांब लोखंडी धावा, वर सरपण रचलेलं. आर्विडची आई साइमाआजी, वय त्र्याऐंशी, हिने कॉफी, तव्यावरची पोळी आणि बीटाचं लोणचं पुढे केलं. तिची खुर्ची खिडकीकडे तोंड करून होती. खिडकीसमोर जुना गाडीरस्ता.

“पूर्वी सगळे इथूनच जायचे,” आजी म्हणाली. “मी नि आर्विडचे बाबा पलंगाची जुनी स्प्रिंगची जाळी ओढून ही वाट सपाट करायचो. रेइनो, तुझा लाल मफलर मी लांबून ओळखायचे.”

“आता जंगलाकडून जातो, आजी. तीन वर्षं झाली.”

“ठाऊक आहे,” आजी म्हणाली.

व्हिएनोने लोणच्याची दुसरी फोड घेतली.

शनिवारी अकरा वाजता त्याच स्वयंपाकघरात सगळे जमले. आर्विड कुलूप हातात घेऊनच बसला होता.

“ड्रिल बंद होतं,” व्हिएनोने सुरुवात केली. “मग पाट्या निघाल्या कशा? उकळतं पाणी ओतून. नव्या जागी बसल्या कशा? बर्फात दांडी रोवून, भोवती पाणी ओतून. या थंडीत ते घटकेत गोठतं. ही जुन्या माणसांची रीत. ड्रिलवाल्यांना ती सुचतसुद्धा नाही. पाणी गुलाबी, म्हणजे बीट उकडलेलं. दोन रेघा आणि एकाच पायाचे ठसे: एक पाय धावेवर, दुसऱ्याने ढकलत नेलेली खुर्चीची घसरगाडी. सरपण नेते तीच पाट्या आणि किटलीही नेते. काखेत कळसा नि गावाला वळसा, आर्विड.”

आर्विडने मान वळवली. “आई?”

“मी फक्त जुन्या रस्त्याच्या पाट्या लावल्या,” आजी म्हणाली. “पोरं मधला कोपरा तुडवत येतील हे डोक्यातच आलं नाही. तुझी रोपं मारायची नव्हती रे मला.”

“पण मला बोलली का नाहीस? आवाजाचा तुला त्रास नको म्हणून तर मी वाट हलवली.”

“विचारलंस कधी? त्रास कसला? तुझे बाबा गेल्यापासून या घरात आवाज आहेच कुठे?”

आर्विडने हातातल्या कुलपाकडे पाहिलं. मग त्याने ते ओट्यावर ठेवलं आणि किटली उचलली.

“रेइनो, वाट फाटकापासूनच गाडीरस्त्याने घ्यायची. वाफ्यांना दोर बांध. आई, पाट्या बसवायला बीटाचं पाणी उरलंय का?”

बाराच्या ठोक्याला पहिली रांग निघाली. पुढे रेइनो, गळ्यात लाल मफलर. खिडकीपाशी येताच त्याने हात उंचावला.

आतला हात कधीचाच वर होता.