चौथी तबकडी

कैरोतल्या बाब अल-लूकच्या गल्लीतलं गिरगिसकाकांचं इलेक्ट्रॉनिक्सचं दुकान इतकं अरुंद, की दोन गिऱ्हाईकं एकदम आत आली तर एकाने पोट आत ओढून उभं राहायचं. त्या दुपारी शाहिंदा आत शिरली तेव्हा काउंटरपाशी एक उंच माणूस तिच्याकडे उजवा खांदा करून उभा होता, आणि तिला हवा असलेला सुट्या भागांचा डबा नेमका त्याच्या कोपराखाली होता.

“जरा सरकता का?”

तो हलला नाही.

“अहो... तुमच्याशीच बोलतेय मी.”

तरी नाही. हातातली गोल, मनगटी घड्याळाएवढी स्क्रीन तो उलटसुलट करून बघत राहिला. शाहिंदाच्या नाकावर राग तसाही कायम बसलेलाच. तिने डबा खसकन ओढला, त्याचं कोपर काउंटरवर आपटलं आणि तो दचकून वळला. वळल्यावर मात्र तो इतका मनापासून ओशाळला, की तिने तयार ठेवलेली तीन वाक्यं तशीच गिळली.

“माफ करा. माझ्या... लक्षात नाही आलं.”

“दोनदा हाक मारली. पुढच्या वेळी हॉर्न घेऊन येते.”

“आणा ना,” तो हसला. “कैरोत हॉर्नशिवाय कुणाला काय कळतं?”

“भांडू नका रे,” गिरगिसकाका चष्म्यावरून म्हणाले. “हा उस्ता हाझेम, मोटारींचा मिस्त्री. हरफियीनला, त्या कारागिरांच्या वस्तीत, गॅरेज आहे याचं. नुसतं ऐकून इंजिन सुरात लावतो, असा कान अख्ख्या शहरात नाही. आणि हाझेम, ही आपली बाशमुहंदिसा, इंजिनियरबाई, शाहिंदा. लिफ्टच्या कंपनीत पॅनल बनवते. तुला जे करायचंय ना, ते तुझ्याच्याने होणार नाही. हिला विचार.”

कानाचं नाव निघालं तशी हाझेमची नजर खाली गेली. ते तिला पुष्कळ नंतर आठवलं.

त्याच्याकडे जुनी फियाट होती, सगळं शहर जिला ‘एकशे अठ्ठावीस’ म्हणतं ती. तिचे मूळचे मीटर केव्हाच मेलेले. त्याला स्वतः घडवलेल्या डॅशबोर्डवर तीन गोल तबकड्या हव्या होत्या. एक पाण्याच्या उष्णतेची, एक ऑइलच्या दाबाची... आणि तिसरी इंजिनातल्या ठोक्याची. पेट्रोल वेळेआधी भडकलं की आतून जो बारीक टकटकाट येतो, त्याची.

“एवढा कान असताना ठोक्याला मीटर कशाला?”

“कान म्हातारे होतात, बाशमुहंदिसा.”

“तुम्ही तिशीचेसुद्धा नाही.”

“एकोणतीस. आडून वय विचारायची ही पद्धत छान आहे.”

ती लाल झाली, आणि लाल झाल्याचा राग येऊन तिने काम स्वीकारलं.

मग शुक्रवार सुरू झाले. दुपारची नमाज आटोपली की ती हरफियीनला जायची. शेजारची गॅरेजं बंद, रस्त्यावर मांजरं आणि रिकामे टायर. शटर अर्धं उघडं ठेवून दोघं कामाला बसायची. त्याने अक्रोडाच्या फळीतून डॅशबोर्ड कापला होता. ती सेन्सर लावायची, वायरी जोडायची, लॅपटॉपवर प्रोग्रॅम लिहायची. मध्येच तो कागदात गुंडाळलेली तामियाची गरम भजी आणायचा आणि स्वतःच्या वाटणीतलं लोणचं न बोलता तिच्याकडे सरकवायचा.

पहिलं भांडण आकड्यांवरून झालं.

“नुसते आकडे दाखवले की पुरे,” ती म्हणाली. “पाणी अठ्ठ्याऐंशी अंश. दाब बावन्न. स्वच्छ.”

“नको. काटा पाहिजे.”

“पडद्यावर खोटा काटा काढायचा? चारपट काम आहे ते.”

“आकडा वाचावा लागतो, शाहिंदा. काटा नुसता दिसतो. रस्त्यावरची नजर न काढता मला कळलं पाहिजे.”

त्याने पहिल्यांदा नुसतं नावाने हाक मारली होती. तिने चारपट काम केलं.

एक गोष्ट तिच्या ध्यानात यायची आणि निसटायची. तो नेहमी तिला डाव्या बाजूला बसवायचा. स्टूल उजवीकडे असलं तर उचलून डावीकडे ठेवायचा, चहाही डावीकडूनच द्यायचा. तिला वाटलं, हृदय डावीकडे असतं म्हणून असेल! असलं काहीतरी वाटायचे दिवस होते ते. त्याच्या बाहीवरचा ऑइलचा वास घरी गेल्यावरही आठवायचा. लिफ्टच्या पॅनलवर बटणं बसवताना ती एकटीच हसायची.

दोन तबकड्या लागल्या, तेव्हा गाडी बाहेर काढली. हवेत वाळवंटाची पिवळी धूळ होती. ती त्याच्या उजवीकडच्या सीटवर बसली. इथल्या गाड्यांचं स्टिअरिंग डावीकडे, तिथे दुसरा इलाज नव्हता. वळणावर एका मिनीबसवाल्याने उजवीकडून घुसून हॉर्नवर अशी काही शिवी वाजवली, की शाहिंदाने कान झाकले. कैरोतल्या शेंबड्या पोरालाही कळते ती शिवी. हाझेम मात्र शांतपणे समोर बघत होता.

“केवढा सोशीक माणूस आहेस तू!”

तो काही बोलला नाही. पुढच्या सिग्नलला त्याने तिच्याकडे पूर्ण वळून विचारलं, “काही म्हणालीस?”

“विचारत होते, हॉर्नवर तुला काय काय वाजवता येतं?”

“धन्यवाद येतं. शिवी येते. लग्नाच्या वरातीचा ताल येतो.”

“आणि तो... दुसरा?”

तो कुठला हे त्याला कळलं होतं. ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’ हे शब्द जसे बोलतात, तसेच तुटक-लांब ठोके. गल्लीतली टवाळ पोरं पोरींच्या खिडक्यांखाली वाजवतात ते.

“तो उगाच वाजवायचा नसतो,” हाझेम म्हणाला, आणि सिग्नल हिरवा झाला तरी तिच्याकडेच बघत राहिला. मागच्यांनी मग हॉर्नवर आपापलं मत दिलं.

तिसऱ्या तबकडीच्या दिवशी सगळं उघडं पडलं.

ती ठरल्या वेळेच्या आधी पोचली. इंजिन चालू होतं. हाझेम उघड्या बॉनेटमध्ये वाकून लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवून उभा होता. जुने मेकॅनिक त्याची मूठ कानाला लावून आतलं ऐकतात, हे तिने पाहिलं होतं. पण हाझेमने मूठ कानाला लावली नव्हती, दातांत धरली होती. डोळे घट्ट मिटून, जबड्यातून डोक्यात जेवढं पोचेल तेवढं तो गोळा करत होता.

“हाझेम.”

ती त्याच्या डावीकडे, हातभर अंतरावर होती. त्याने डोळे उघडले नाहीत.

दुकानातलं कोपर, उचललेलं स्टूल, मिनीबसची शिवी... सगळं एकदम समोर उभं राहिलं. तिने पुढे होऊन इंजिन बंद केलं.

“कधीपासून?”

त्याने स्क्रूड्रायव्हर खूप वेळ पुसला.

“उजवा कान तीन वर्षांपूर्वी गेला. आतलं एक हाड घट्ट होत जातं म्हणे. ऑपरेशन केलं, त्यात उरलंसुरलं ऐकणंही गेलं. आता डावाही... डॉक्टर म्हणतात, वर्ष, दोन वर्षं. त्याला हात लावायला ते तयार नाहीत.”

“आणि मला सांगणार कधी होतास?”

“कधीच नाही. तिसरी तबकडी लागली की तुला सोडून द्यायचं ठरवलं होतं.” तो हसायला गेला, जमलं नाही. “बहिऱ्या उस्ताकडे गाडी कोण आणेल? ते एक वेळ निभेल, सगळ्या इंजिनांना काटे लावीन. पण शाहिंदा, बायकोच्या बोलण्याला काटा कुठून आणू? तू सगळं आयुष्य माझ्यावर ओरडत काढणार?”

‘बायको’ हा शब्द त्याने असा पहिल्यांदाच उच्चारला, आणि तोही दार लावून घेताना. तिला रडू आलं.

“ओरडायची मला सवय आहे.”

“मला नाही सोसणार ते,” तो म्हणाला. “पुढच्या शुक्रवारी येऊ नकोस.”

ती गेली नाही. पण स्वस्थही बसली नाही. घरच्या जेवणाच्या टेबलावर तीन आठवडे खपून तिने चौथी तबकडी बनवली, कुणी न सांगितलेली. काटा नाही, नुसतं प्रकाशाचं एक कडं. गाडीच्या दोन्ही आरशांमागे बसवायला दोन इवलेसे मायक्रोफोन. आवाज ज्या बाजूचा, कड्याची ती बाजू उजळायची. मोठा आवाज जास्त, हलका कमी. पहिल्यांदा ती त्यावर नुसती कुजबुजली, तेव्हा निळा ठिपका थरथरला आणि ती बराच वेळ त्याच्याकडे बघत बसली.

गिरगिसकाकांच्या हाती तिने ती पाठवली. सोबत चिठ्ठी: ‘काटा कुठून आणू म्हणाला होतास. हा घे.’

उत्तर आलं नाही. एक शुक्रवार गेला, दुसरा गेला. आई स्थळांचं बोलू लागली. त्याला नकोच असेल तर... असेल बाई, ती स्वतःला म्हणाली, आणि पुन्हा काकांच्या दुकानात जाऊन उभी राहिली.

“चिठ्ठीचं काही बोलला?”

“एक अक्षर नाही.” काका वायरींचं भेंडोळं सोडवत होते. “पण तबकडी बसवलीय. मी पाहिली. दर गुरुवारी दुपारी चारला नाईलच्या पुलावरून पलीकडे इंबाबाला आईकडे जातो. तुझ्या बाबांची गाडी चालू आहे ना?”

गुरुवारी पूल नेहमीसारखा तुंबला होता. गुरुवार म्हणजे कैरोत लग्नांचा दिवस. खाली नाईल, वर उन्हात चकाकणारी टपांची रांग. बाबांच्या जुन्या पांढऱ्या गाडीतून तिला पिस्ता रंगाची एकशे अठ्ठावीस दिसली. दोन शिव्या खाऊन, एक देऊन, ती शेवटी त्याच्या उजव्या बाजूला येऊन थांबली.

“हाझेम!”

तो समोर बघत होता. इतक्या गोंगाटात त्याला तिची हाक पोचणार नव्हती, आणि पुढेही कधी नीट पोचणार नव्हती. हे तिला ठाऊक होतं. ठाऊक असूनच ती आली होती.

तिने हॉर्नवर हात ठेवला. चांगल्या घरच्या मुली हे वाजवत नाहीत. तिने वाजवलं. तुटक, लांब, तुटक.

त्याची नजर डॅशबोर्डवरच्या चौथ्या तबकडीवर उतरली आणि तिथेच खिळली. तिने पुन्हा वाजवलं. आता त्याचे ओठ हलत होते, तो ठोके मोजत होता. मग त्याने सावकाश मान वळवली... उजवीकडे.

तो हसला नाही. त्याचे डोळे भरून आले होते, आणि तिचेही. क्षणभर शाहिंदाच्या मनात आलं, की हा आता काच वर करेल आणि सगळं संपेल.

त्याने हात उचलला आणि हॉर्नवर वरातीचा ताल धरला.

कैरोत हा ताल कुणी एकट्याला वाजवू देत नाही. मागच्या टॅक्सीने धरला, मग ट्रकने, मग सगळ्या पुलाने. बसमधल्या एका बाईने खिडकीतून लांबलचक आनंदाची किलकारी मारली. जो तो मान उंचावून फुलांनी सजवलेली गाडी शोधत होता.

“ताई, नवरी कुठल्या गाडीत आहे हो?” टॅक्सीवाल्याने डोकं बाहेर काढून विचारलं.

शाहिंदाने बाहीने डोळे पुसले.

“याच गाडीत,” ती म्हणाली.

हाझेमला ते ऐकू गेलं नाही. पण तो तिच्या ओठांकडे बघत होता, आणि त्याने होकारार्थी मान हलवली.