बिनवॉरंटीची निळी गाडी

शोरूमवाल्याने दोन्ही गाड्या उन्हात आणून शेजारी शेजारी उभ्या केल्या होत्या. एक रुपेरी, एक गडद निळी. दोन्ही ऐसपैस, एकेकाळी बड्या लोकांच्या दारात मिरवलेल्या. रुपेरी तीन वर्षांची आणि वर दोन वर्षांची वॉरंटी. निळी सहा वर्षांची, वॉरंटीच्या नावाने शून्य, पण पावणेतीन लाखांनी स्वस्त.

"रुपेरीच घेऊ," मास्तर म्हणाले. ते गणित शिकवत. शंकेला जागा राहिली की त्यांना जेवण जात नसे. "वाटेत बंद पडली तर निदान कोणाला तरी फोन करता येईल."

त्यांची बायको दोन्ही गाड्यांभोवती एक फेरी मारून आली. ती विमा कंपनीसाठी अपघातातल्या गाड्या तपासायची. वीस वर्षांत तिने इतक्या गाड्या पाहिल्या होत्या की हापिसात तिला सगळे 'भिंग' म्हणत. आताची खरेदी मात्र तिच्या आईसाठी होती. आईच्या मणक्याचं ऑपरेशन झालेलं. दर पंधरा दिवसांनी दीडशे किलोमीटरवरच्या डॉक्टरांकडे न्यावं लागे. घरच्या छोट्या गाडीत प्रत्येक खड्ड्याला आई ओठ चावायची आणि वर "मला काही होत नाहीये" असं म्हणायची.

भिंगने आधी रुपेरी तपासली. चांगली होती. उजवा दरवाजा मागे कधीतरी रंगवलेला, बाकी नाव ठेवायला जागा नाही.

मग ती निळीकडे वळली आणि तासभर तिथेच रमली. रंगाची जाडी मोजायचं यंत्र तिने बावीस ठिकाणी लावलं. सगळीकडे कारखान्यातलाच रंग. बॉनेट उघडलं तर आत एक पाईप सैल नाही, एक नट खरचटलेला नाही. दार लावलं की जाड पुस्तक मिटल्यासारखा आवाज यायचा. तिने उगाचच तीनदा लावून पाहिलं.

"कोणी वापरलीय हो ही?" तिने विचारलं. "हात फिरवावासा वाटतोय त्या माणसाच्या पाठीवरून."

"कागदोपत्री एका कंपनीची आहे. कंपनी बंद पडली. चालवायचं कोण, ते कोणालाच ठाऊक नाही."

ती चालकाच्या जागेवर बसली. ती जेमतेम पाच फुटांची. कुठल्याही गाडीत बसली की सीट पुढे ओढ, वर उचल, आरसे फिरव, हा तिचा ठरलेला कार्यक्रम. इथे काहीच करावं लागलं नाही. तिन्ही आरशांत तिला हवं तेच दिसत होतं.

"तुम्ही लावून ठेवलंत का हे?"

सहा फुटी शोरूमवाला कसनुसा हसला. "मी रोज मागे सरकवतो, बाई. सकाळी बघावं तर पुन्हा पुढे. मला तर गुडघे कानाशी घेऊन बसावं लागतं."

सीटची मोटर बिघडली असणार, असं तिने मनाशी म्हटलं आणि वहीत तशी नोंद केली. मालकीण आपल्यासारखीच बुटकी असेल. जगात बुटक्या बायका काय कमी आहेत?

मग तिने स्टिअरिंगला हात घातला.

आतल्या बाजूने चामड्याला बोटांच्या खुणा पडल्या होत्या, वर्षानुवर्षं धरून पडतात तशा. उजव्या हाताच्या चार. डाव्या हाताच्याही चार, पण त्यातली तिसरी अर्ध्यातच संपत होती. तिथून पुढे चामडं नव्यासारखं.

भिंगच्या डाव्या हाताची अनामिका अर्धीच होती. नोकरीच्या पहिल्याच वर्षी एका बॉनेटखाली चिरडली होती.

तिने हात उचलला. पुन्हा ठेवला. बोटं आपापल्या खुणांत जाऊन बसली.

हे तिने वहीत लिहिलं नाही.

"आईला बसवून एक चक्कर मारून येते," ती म्हणाली. आवाज साधाच निघाला. मास्तर रुपेरीच्या वॉरंटीची कलमं शोरूमवाल्याकडून एकेक करून वदवून घेत होते. त्यांनी नुसता हात हलवला.

शोरूमच्या ऑफिसात खुर्चीवर बसवून ठेवलेली आई काठी टेकत आली. छोट्या गाडीत शिरायला तिला दोन माणसं लागायची. इथे तिने स्वतःच मागचं दार उघडलं, छतालगतचा दांडा न बघता धरला आणि मागच्या सीटवर डाव्या बाजूला अलगद बसली. तिथली गादी जरा दबलेली होती.

रस्ता खडबडीत होता. गाडी त्यावरून पाण्यावरून जावी तशी गेली. भिंग आरशात आईचा चेहरा बघत होती. कपाळावरची आठी हळूहळू सैल झाली. कित्येक महिन्यांनी.

"दुखतंय?"

"छे गं. या गाडीत माझी पाठ कधी दुखलीय का?"

भिंगने वेग कमी केला. "आई, या गाडीत तू आजच बसलीस."

आई खिडकीबाहेर बघत राहिली. मग म्हणाली, "हो का? असेल बाई."

परतल्यावर भिंगने चावी मुठीतच ठेवली. "निळी," ती म्हणाली.

मास्तर चकित झाले. "आणि वॉरंटी?"

"आई अर्धा तास बसली. एकदासुद्धा ओठ चावला नाही तिने."

मास्तरांनी आईकडे पाहिलं. ती मागे टेकून डोळे मिटून बसली होती, चेहरा कसा निवांत. त्यांनी वॉरंटीचे कागद शोरूमवाल्याला परत दिले. "मग प्रश्नच मिटला," ते म्हणाले. असा होता तो माणूस.

सह्या झाल्या. मास्तर पहिल्यांदाच निळीत, बायकोच्या शेजारी येऊन बसले.

चामडं करकरलं.

"अगं, हे बघ!" ते हरखून म्हणाले. पट्टा ओढला तर त्याच्यावर कारखान्यातल्या घड्या तशाच. बकलावरचं पातळ प्लास्टिकही कोणी काढलेलं नव्हतं. "एक लाख किलोमीटर चाललीय आणि इथे कोणी बसलंच नाही. कोरी करकरीत! वॉरंटी हवीय कोणाला?"

भिंगचा हात चावीवरच थांबला.

मागच्या सीटवर आईने डोळे उघडले. जावयाकडे पाहून तिला मनापासून बरं वाटलेलं दिसलं.

"अगंबाई," ती म्हणाली, "आज तुम्हीपण येताय का आमच्याबरोबर?"