आत किती जण?

पटो न पटो, ही घटना खरी आहे. माझ्या सख्ख्या भाचीच्या डोळ्यांसमोर घडलेली.

आणि रात्री-बेरात्री नाही… लखलखीत उन्हात, माणसांनी भरलेल्या ऑफिसात.

लिफ्टची देखभाल करणारी कंपनी. चौथ्या मजल्यावर ऑफिस. भाचीला ठेवायची की काढायची, हे त्या दिवशी ठरणार होतं. जावई आजारपणाने घरी बसलेले. घर तिच्या एकटीच्या पगारावर चाललेलं.

तिच्या वरिष्ठाला सगळे पाठीमागे मुकादम म्हणत. तो तिला पहिल्या दिवसापासून पाण्यात बघायचा. खुर्चीमागे येऊन उभा राहायचा आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं टाकून बोलायचा.

काम तसं साधं होतं. आमच्या वेळी लिफ्ट अडकली की माणूस आतून थापा मारायचा आणि जिन्यातून कोणीतरी "आलो, आलो" करत धावायचं. किती बरं वाटायचं त्या आवाजाने! आता फॉर्म भरायचा. तुमचं नाव, इमारत, मजला, आत किती जण. बटण दाबलं की ब्राउझर ती माहिती सर्व्हरवरच्या स्क्रिप्टकडे पाठवणार, स्क्रिप्ट ती तक्रारींच्या पडद्यावर दाखवणार, मग मेकॅनिक निघणार.

तो फॉर्म भाचीने बनवायचा होता. त्यातलं सगळं पोहोचत होतं. फक्त 'आत किती जण' रिकामं येत होतं.

"एक आकडा पलीकडे पाठवता येईना तुला?" मुकादम म्हणाला. "घरी नवऱ्याला वाढतेस, ते तरी ताटात पडतं का?"

सगळे हसले. तिने पाणी प्यायला बाटली उचलली.

तेवढ्यात पडद्यावर एक तक्रार उमटली…

नाव: रिकामं. इमारत: हीच. मजला: चौथा.

आत किती जण: एक.

तिने बटणाला हातही लावला नव्हता. फॉर्म अजून फक्त तिच्याच मशीनवर होता. शेजारच्या चष्मिसला तिने विचारलं, तर तो म्हणाला, मी कशाला तुझ्या चुलीत फुंकर घालू?

ती उठून लिफ्टपाशी गेली.

दार उघडं. दिवा चालू. आत कोणी नाही.

परत येऊन बघते तर दुसरी तक्रार… तशीच.

तिने फॉर्मचं पान बंद केलं.

तिसरी आली.

आता तिने कोड वरपासून खालपर्यंत वाचून काढला, आणि आपली चूक तिला सापडली. फॉर्मच्या प्रत्येक रकान्याला कोडमध्ये स्वतःचं एक नाव द्यावं लागतं. बिननावाचा रकाना पडद्यावर दिसतो, त्यात लिहिताही येतं, पण बटण दाबल्यावर ब्राउझर त्याला मागेच ठेवतो. 'आत किती जण'ला नाव द्यायचं ती विसरली होती.

म्हणजे तो आकडा सर्व्हरपर्यंत जाऊच शकत नव्हता.

मग येत कुठून होता…?

मुकादम बाहेर निघाला होता. तिने त्याला गाठून सगळं सांगितलं.

"कामचुकारांनाच बरी भुतं दिसतात," तो म्हणाला. "परत आलो की तुझा निकाल लावतो."

तो लिफ्टमध्ये शिरला. एकटाच.

तिच्या टेबलावर टिंग वाजलं.

आत किती जण: दोन.

ती धावली. दार मिटत होतं. "सर, बाहेर या," ती म्हणाली. त्याने तिच्याकडे किड्याकडे बघावं तसं बघितलं आणि दार मिटू दिलं.

मग आतून त्याचा आवाज आला… वैतागलेला.

"सरक जरा."

पुढे काही ऐकू आलं नाही.

ती जिना उतरत खाली पोचली. लिफ्ट उघडली. मुकादम एकटाच बाहेर आला. आपल्या हाताची बोटं उघडत होता, मिटत होता… नवे हातमोजे घालून बघावेत तशी.

मग त्याने मान वर केली.

"जेवलीस का गं?" त्याने मऊ आवाजात विचारलं. "तुझी नोकरी पक्की. काळजी करू नकोस हं."

आणि तो जिन्याने वर गेला.

ती टेबलाशी आली तेव्हा नवी तक्रार येऊन पडली होती.

आत किती जण: एक.

या वेळी नावाचा रकाना रिकामा नव्हता.

मुकादमाचं पूर्ण नाव होतं तिथे.

मेकॅनिकने लिफ्ट वरून उघडली, खालून उघडली. काही सापडलं नाही. मुकादम तिच्या खुर्चीमागे हसतमुख उभा होता. "मिटव ती तक्रार," तो म्हणाला. "इतकी वर्षं माझ्याही मिटवल्याच ना कोणीतरी."

घरी आजारी नवरा होता. तिने 'निवारण झाले'चं बटण दाबलं.

ती अजून तिथेच आहे. पगार वाढला. मुकादम सगळ्यांशी गोड बोलतो, ऑफिस खूश आहे. तक्रार रोज येते… आणि ती रोज मिटवते.

परवा माझ्याकडे आली होती. गप्पा मारत होती, हसतही होती.

पण मांडीवरचं तिचं एक बोट सारखं काहीतरी दाबत होतं… थांबत होतं… पुन्हा दाबत होतं.

तिच्या ते लक्षातही नव्हतं. मी विचारलं नाही.