मुकं दार

हे माझ्या स्वतःच्या गाडीत घडलंय. मैत्रिणीच्या मावशीच्या नव्हे, माझ्या. आणि अमावस्या, मध्यरात्र, सुनसान घाट यातलं काहीही यात नाही. भर दुपार होती. सिग्नलला गाड्यांची रांग होती. शेजारचा टेम्पोवाला जांभया देत होता.

खोटं वाटलं तर वाटू द्या. गाडी अजून खाली उभी आहे.

आधी बाबांबद्दल सांगते.

बाबांनी उभं आयुष्य कापड गिरणीत मागावर काढलं. त्या खडखडाटात त्यांचे कान गेले. कानाचं यंत्र आणून दिलं तर म्हणाले, "यात नुसती खरखर येते," आणि डबीत ठेवून दिलं. पण गाण्याचं वेड काही गेलं नाही. बाबा गाणं तळहाताने ऐकायचे. रेडिओच्या पाठीवर हात ठेवायचे, डोळे मिटायचे, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळायचं की गाणं आवडीचं आहे की नाही.

मला हाक मारायची तऱ्हाही तीच. टेबलावर बोटाने ठोकायचे.

टक-टक... टक.

दोन, मग थांबून एक. तो ठोका आला की मी "आले, आले!" करत धावायची. त्यांना ते ऐकू येत नसे, तरी मी म्हणायचीच.

पुढे किडन्या गेल्या. डायलिसिस सुरू झालं, एक दिवसाआड. त्यासाठीच मी ही जुनी गाडी घेतली. बाबा मागे डावीकडे बसायचे. येताना अगदी गळून गेलेले असायचे. त्या वाटेवर त्यांना जरा गाणं मिळावं, एवढीच माझी हौस.

पण कंपनीचे स्पीकर म्हणजे डब्यात कोंडलेली माशी. बाबांनी दारावर हात ठेवला आणि मान हलवली.

"हाताला काही लागतच नाही गं."

मग मी स्टिरिओ बसवणाऱ्याकडे गेले. त्याला सगळे भोंगा म्हणतात, कारण दिवसभर दणदणाटात काम करून तो साधं "बसा"सुद्धा ओरडून म्हणतो. मी दारातच सांगून टाकलं, खर्च बेताचा हवा. गाडीच जुनी, त्यात नाकापेक्षा मोती जड नको.

"ताई, डोकं कंपनीचंच ठेवू, नुसती तोंडं बदलू!" तो ओरडला. म्हणजे स्टिरिओ तोच, दारांतले स्पीकर नवे, आणि सीटखाली आवाज वाढवणारा एक वापरलेला छोटा अॅम्प. स्वस्तात मस्त.

कामाला लागण्याआधी त्याने प्रत्येक दारावर बुक्की मारून पाहिली. पहिलं दार ढण्ण वाजलं. दुसरं ढण्ण. तिसरंही ढण्ण.

चौथं...

काहीच नाही. उशीवर मारल्यासारखं.

ते मागचं डावं दार होतं. बाबांचं.

त्याने आतलं कव्हर काढलं. आत पत्र्यावर जाड काळ्या शीट चिकटवलेल्या होत्या. एकावर एक, थरावर थर. हाताने दाबून, वेड्यावाकड्या, एवढीशी फट न सोडता.

"पत्रा थरथरू नये म्हणून लावतात हे. बाहेरचा आवाज कमी होतो. पण लावायचं तर चारी दारांना लावतात. एकट्याच दाराला कोण लावतं?"

"काढून टाक."

"अहो ताई, लोक पैसे मोजून लावून घेतात!"

"माझ्या बाबांना थरथरच हवी आहे."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

पहिल्या दिवशी मी गाणं लावलं आणि आरशात मागे पाहिलं. बाबांचा तळहात दारावर होता. डोळे मिटलेले. ओठ हलत होते. कितीतरी दिवसांनी ते गुणगुणत होते, बेसूर आणि खुशीत. मला रडूच आलं.

काही आठवडे असे मजेत गेले.

मग ती दुपार आली. सिग्नल लाल होता. फोन वाजत होता म्हणून मी गाणं बंद केलं होतं.

बाबांनी डोळे उघडले. "बंद केलंस?"

मी आरशात मान हलवली.

"मग हे कोण वाजवतंय?"

इंजिन असेल, मी खुणेने सांगितलं. बाबा हसले.

"मशीन दमत नाही, पोरी. मशीनचा ठोका सकाळी जसा, तसाच संध्याकाळी. हा दमलाय. दोन ठोक्यांमधलं अंतर वाढत चाललंय."

मग त्यांनी दारावर बोटाने ठोकलं. टक-टक... टक.

थोडं थांबले.

आणि त्यांचा चेहरा उजळला. "कळलं त्याला! उत्तर देतंय!"

मागच्यांनी हॉर्न मारायला सुरुवात केली. मी गाडी कशीबशी पुढे काढली.

घरी बाबांना निजवलं आणि एकटीच परत खाली आले. त्यांच्या जागेवर बसले. इंजिन बंद. स्टिरिओ बंद. किल्ली माझ्या हातात. दारावर तळहात टेकवला.

काही नाही...

काही नाही...

ठक.

आतून. जिथे माणसाची मूठसुद्धा मावणार नाही, तिथून.

बराच वेळ गेला. मी हात उचलणार, तोच...

ठक.

माझी पाचावर धारण बसली. गाडीचं दार उघडं टाकून मी जिन्याकडे पळाले.

त्या दिवसापासून बाबा बदलले. गाडीतून उतरेनात. हॉस्पिटलच्या दारात मी हातापाया पडायची, "बाबा, चला ना, वेळ टळतेय." ते दाराला तळहात लावून बसलेले.

"मी हात काढला की ते घाबरतं गं."

एकदा तर डायलिसिस चुकलंच. पाय सुजले, दम लागू लागला. डॉक्टर मलाच रागावले. असं पुन्हा झालं तर जिवावर बेतेल, म्हणाले. माझा जीव टांगणीला लागला.

मी गाडीच्या आधीच्या मालकाला फोन लावला. विकताना फार अदबीने बोलला होता.

"मागच्या डाव्या दाराला त्या शीट तुम्ही लावल्या होत्या का?"



"काढल्या नाहीत ना?" त्याने विचारलं.

"काढल्या."

"तिथे कोण बसतं?"

"माझे बाबा."



"माझी आई बसायची," तो म्हणाला, आणि फोन ठेवला. नंतर तो नंबर कधी लागलाच नाही.

मी तशीच बाबांना घेऊन भोंग्याकडे गेले. "परत लाव. दुप्पट लाव."

त्याने कोपऱ्यात टाकलेल्या जुन्या शीट ओढल्या. त्यातली एक उलटी केली आणि थांबला. पहिल्यांदाच तो हळू आवाजात बोलला.

"ताई... हे बघितलंत?"

पत्र्याला चिकटलेल्या बाजूला खळगे होते. चार-चार, ओळीने. बोटांच्या पेरांएवढे. पत्र्यावर मात्र साधा पोचा नव्हता.

त्याने ती शीट दूर फेकली आणि नव्या काढल्या. बाबा स्टुलावर बसून सगळं बघत होते. मी जवळ गेले तशी त्यांनी माझं मनगट धरलं.

"पोरी, आत कुणीतरी आहे. तू त्याला कोंडतेयस?"

"मला तुम्ही हवे आहात, बाबा!" मी ओरडले. सगळं दुकान बघायला लागलं. बाबांना शब्द ऐकू आले नसणार. पण त्यांनी माझ्या ओठांकडे पाहिलं होतं.

दार पुन्हा मुकं झालं. बाबा वेळेवर उतरू लागले, डायलिसिस नीट होऊ लागलं, सूजही ओसरली. फक्त ते पुन्हा कधी गुणगुणले नाहीत. हात मात्र दारावरच असायचा.

आणि मग एका दुपारी आम्ही परत येत होतो. रिपोर्ट चांगले आले होते. मी खुशीत होते. त्यांचं आवडतं गाणं लावलं, मोठ्याने लावलं, आणि मीही गात होते. आरशात पाहिलं. डोळे मिटलेले. तळहात दारावर.

घरी पोचले. त्यांच्या बाजूचं दार उघडलं.

त्यांचा हात हवेत तसाच राहिला.

वाटेत कधीतरी बाबा गेले होते. कुठल्या वळणावर, ते मला सांगता येणार नाही. मी गात होते.

डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं. थांबलं असेल.

त्यानंतर मी गाडी विकायची ठरवली. गिऱ्हाईक येणार म्हणून मागची सीट पुसत होते. तोल जाऊ नये म्हणून त्या दारावर हात टेकला.

दुप्पट शीट. नवी, जाड. काही लागायला नको होतं.

ठक...

गोधडीखालून यावा तसा. दमलेला. हा मला ओळखीचा होता. मी हात उचलला नाही.

आणि मग त्याच्या शेजारी दुसरा आला.

टक-टक... टक.

"आले, आले!" माझ्या तोंडून निघून गेलं.

गिऱ्हाईकाला मी परत पाठवलं. भोंगा आता त्या दाराला हात लावायला तयार नाही. "ताई, दुसरीकडे बघा," म्हणतो, तेही हळू आवाजात. त्या मालकाला मी मनातल्या मनात फार शिव्या घातल्या होत्या. आता नाही घालत. स्वतःच्या हाताने, फट न सोडता, थरावर थर का लावले असतील त्याने, ते मला कळलंय.

शीट काढायच्या की राहू द्यायच्या? काढल्या तर बाबा सुटतील, की नुसते मला स्पष्ट ऐकू येतील? स्क्रू-ड्रायव्हर पर्समध्ये घेऊन फिरते. हात धजत नाही.

रोज दुपारी खाली जाऊन तिथे बसते. तळहात ठेवते. बाबांसारखंच उत्तर देते. तो जुना, दमलेला ठोका परवापासून आलेला नाही. आता फक्त बाबांचा येतो.

दोन, मग थांबून एक.

मशीन दमत नाही, बाबा म्हणाले होते.

आज दोन ठोके आले... आणि तो एक यायला खूप वेळ लागला.